पेण ते रोहा, अमर्याद

आमच्या घरमालकांइतका फोन वापरणारा आणि त्यांच्याइतकं फोनवर कमी बोलणारा माणूस उभ्या रायगड जिल्ह्यात सापडायचा नाही. वय सत्तर, पेणलाच शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले, बायको जाऊन चार वर्षं झालेली. ते खाली एकटे राहतात, आम्ही वर भाड्याने. सकाळी चहाचं आधण ठेवलं की ते रोह्याला थोरल्या बहिणीला, म्हणजे अक्कांना, व्हिडिओ कॉल लावत, फोन तांदळाच्या डब्याला टेकवून ठेवत आणि मग निजेपर्यंत तो तसाच चालू. तिकडे अक्कांचा फोन पाण्याच्या पिंपाला टेकलेला. बोलणं असं काही नाहीच. इकडे हे पेपर वाचताहेत, तिकडे त्या वाल सोलताहेत, दोघांचं आपापलं चाललेलं. एवढा वेळ कॉल कशाला, असं मी एकदा विचारलं, तर चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले, "अमर्याद म्हटलंय कंपनीने. आपण वापरलं नाय तर त्या शब्दाला अर्थ काय राहिला?"

हा तर्क ते सगळीकडे लावत. अमर्याद थाळी मिळणाऱ्या खानावळीत मी त्यांना एकदाच नेलं, पुन्हा नेलं नाही. पण फोनच्या बाबतीत मात्र त्यांनी हद्दच केली होती. भाडं द्यायला खाली गेलं की आधी डब्याकडे तोंड करून "अक्का, नमस्कार" म्हणायचं, मग मालकांशी बोलायचं, असा रिवाज होता. एका रविवारी मी नुसत्या टॉवेलवर पाण्याची मोटर लावायला खाली गेलो, तर डब्याकडून अक्कांचा आवाज आला, "अहो, गारठ्याचं असं फिरू नये." मोटर न लावताच मी वर पळालो. रोह्याला वीज गेली की पेणला आमच्या आळीत आधी कळे. सगळ्यात गंमत कुकरची. शिट्टी रोह्याला व्हायची आणि मालक उठून पेणचा गॅस बंद करायचे. मालकांच्या वरणातली डाळ दाताखाली कचकच वाजायला लागली की समजायचं, आज अक्कांकडे भात लवकर झाला. दोन्ही घरी एकाच जातीचा कुकर, आणि तोही त्यांनीच हौसेने घेतलेला.

या सगळ्यामागे एक कारण होतं, ते त्यांनी मला फार उशिरा सांगितलं. अक्का शहात्तर वर्षांच्या, यजमान गेल्यापासून त्याही एकट्याच. एकदा त्यांचा स्वयंपाकघरात पाय घसरला. ह्यांनी डब्याकडे बघितलं तर फोनमध्ये नुसतं रिकामं स्वयंपाकघर आणि उलटलेली परात. शेजाऱ्यांना फोन करून त्यांनी दार उघडायला लावलं, म्हणून निभावलं. "त्या दिवशी फोन बंद असता तर?" असं म्हणून त्यांनी डब्याला टेकलेला फोन उगाचच सरळ केला होता.

आणि मग कंपनीचा तो मेसेज आला. अमर्याद प्लॅन बंद, यापुढे रोज ठरावीक नेट, ते संपलं की वेग कमी. पेणच्या बाजारपेठेतल्या कंपनीच्या दुकानासमोर सकाळी दहालाच गर्दी. गडब गावचा एक ट्रकवाला काउंटरवर हात आपटून विचारत होता, "डोलवीला स्टील कंपनीच्या गेटवर गाडी चार चार तास उभी असते. तवा मी काय करू, चाकं बघत बसू?" एका गणपतीच्या कारखानदाराचं म्हणणं, मूर्तीच्या डोळ्यांचा व्हिडिओ बघितल्याशिवाय मुंबईचं गिऱ्हाईक हो म्हणत नाय. काउंटरवरच्या बाई प्रत्येकाला एकच सांगत होत्या, "वरूनच बंद झालंय हो, आमच्या हातात काय नाय." आमचे मालक सगळ्यांत शेवटी पुढे झाले. त्यांनी फुलस्केपवर अर्ज लिहून नेला होता, विषय, संदर्भ, महोदय, सगळं रीतसर, खाली पोच मिळावी म्हणून रिकामी जागा. बाईंनी तो पूर्ण वाचला. मग हळू आवाजात म्हणाल्या, "सर, मी तुमच्याकडे सातवीला होते. मला शिक्का द्यायचा अधिकार असता तर दिला असता." मालक अर्ज परत घेऊन घडी घालत बाहेर आले. घरी वायर टाकून नेट घ्या, असं मी सुचवलं, पण रोह्याला अक्का भिंतीला भोक पाडू द्यायला तयार नव्हत्या.

दुसऱ्याच दिवशी दुपारी मालकांची हाक आली. खाली गेलो तर ते फोन दोन्ही हातांत धरून उभे. अक्का वालाच्या टोपलीवर वाकलेल्या, हात अर्धवट वर, आणि अजिबात हलत नव्हत्या. "पंधरा मिनिटं झाली," ते म्हणाले. "नेट संपलंय का अक्काला काय झालंय, हे कसं ओळखायचं?" साधा फोन लावला तर उचलेनात. तिकडचे शेजारी लग्नाला गावी गेलेले. मी काही न बोलता स्कूटर काढली. नागोठण्यापर्यंत ते मागून माझा खांदा घट्ट धरून होते आणि दर दहा मिनिटांनी, अजून हलली नाय, असं मला कानात सांगत होते.

रोह्याला पोचलो तर दार सताड उघडं आणि अक्का त्याच टोपलीपुढे वाल सोलत बसलेल्या. भावाला बघून त्यांनी विचारलं, "तू हितं? मग तिथे गॅस कोणी बंद केला?" फोन वाजला होता, पण साधा कॉल कसा घ्यायचा हे त्यांना कुणी दाखवलंच नव्हतं, गेल्या तीन वर्षांत तसा प्रसंगच आला नव्हता. मालकांनी फोन खिशात टाकला. मग चेहरा लपवायला म्हणून विहिरीवर पाय धुवायला गेले.

ते गेल्याबरोबर अक्कांनी मला जवळ बोलावलं. "माझी कसली काळजी करतोय? मी खमकी हाय. भावजय गेल्यापासून हाच एकटा जेवायला बसला की दोन घासांत उठतो. समोर कोण दिसलं तर ताट संपवतो. माझं जेवण साडेअकरालाच होतं. त्याच्या वेळेला मी नुसतं रिकामं ताट मांडीवर घेऊन बसते." त्या पुन्हा वाल सोलायला लागल्या आणि म्हणाल्या, "त्याला बोलू नका हां. तो मला सांभाळतोय, असंच राहू दे त्याच्या मनात. नायतर त्याला उठायलाही काही कारण उरायचं नाय."

मी अजून बोललेलो नाही. आता दोघांनी दिवसभराचं नेट जेवणाच्या वेळेसाठी राखून ठेवलंय. दुपारी साडेबाराला कॉल लागतो, पाऊण तास चालतो, मग बंद. सकाळी कुणी सुप्रभाताचे व्हिडिओ पाठवले तर तेवढंही पुरत नाही, आणि अशा दिवशी मधेच आवाज बंद पडला की माझी बायको मला खाली पाठवते. जेवून घेतलेलं असलं तरी मी वाटीत थोडं ताक घेऊन त्यांच्यासमोर बसतो. ते मान खाली घालून जेवत असतात, मी ताक पीत असतो, बोलायला आम्हांला तसं काही नसतं. पहिले काही दिवस त्यांना ते आवडत नसावं. परवा मात्र ताक संपवून मी उठायला लागलो, तर पोळीचा तुकडा मोडता मोडता, वर न बघता ते म्हणाले, "बसा हो जरा. माझा भात खायचा राहिलाय अजून."