जुना टेप शोधणारे गिऱ्हाईक

विघ्नहर्त्या श्रीगजाननास वंदन करून, विजयादशमीच्या निमित्ताने हे चार शब्द लिहीत आहे. आज सकाळी दारातील वाहनाला झेंडूची माळ घातली आणि मी पोलीस अधिकारी असताना औरंगपुऱ्यातून चोरीस गेलेल्या एका गाडीची घटना जशीच्या तशी डोळ्यांसमोर उभी राहिली. संबंधितांची नावे जाणीवपूर्वक टाळतो.

फिर्यादी करमाडकडचा तरुण. त्याचे घराणे पिढ्यान् पिढ्या मेंढरे राखणारे. कळप विकून त्याने जुनी चारचाकी घेतली होती आणि वेरूळला जाणाऱ्या यात्रेकरूंची ने-आण करून तो घर चालवीत असे. प्रवाशांना गाणी हवीत, म्हणून कंपनीचा मूळ टेप काढून त्याने मोठ्या पडद्याचा नवा स्टिरिओ बसवून घेतला होता. गाडी गेली आणि त्या घराचा चरितार्थच थांबला. गुन्हा नोंदवला, नाकाबंदी केली, आसपासच्या ठाण्यांना बिनतारी संदेश दिले. परंतु हाती काही लागले नाही.

अशात मोटारींचे सुटे सामान विकणारा एक दुकानदार ठाण्यात आला.

"साहेब, एक उलटंच गिऱ्हाईक येऊन गेलं. समदे जुना टेप काढून नवा बसवतात. ह्याच्या गाडीत नवाकोरा स्क्रीन, तरी कंपनीचा जुना टेप मागतो! अन् लई घाई."

"कारण विचारलंत?"

"म्हणला, गाडी विकायचीय, कंपनी कंडिशन दिसली पायजे. टेप नेला त्यानं. आता त्याच्या भोवतीची फ्रेम न्यायला परत येणारंय."

त्याने सांगितलेली गाडीची बनावट आणि मोठा पडदा चोरीच्या गाडीशी जुळत होता. साध्या वेशातील दोन अंमलदार दुकानात बसवले आणि तो इसम गाडीसह ताब्यात आला. मात्र गाडी पाहून आम्ही थबकलो. रंग निराळा, आसने निराळी, नंबरप्लेट निराळी. चासी क्रमांक घासून दुसरा कोरलेला, आणि त्याच क्रमांकाची कागदपत्रे त्याच्या खिशात. घासलेल्या मूळ क्रमांकाबाबत प्रयोगशाळेचा अहवाल येण्यास अवधी लागणार होता. तोवर त्याला अडवून ठेवण्यास ठोस पुरावा हवा होता.

चौकशीत मी आवाज चढवीत नसे. चोरीविषयी चकार शब्द न काढता मी गाडीची स्तुती आरंभली. तो खुलला.

"साहेब, माल एकदम ओरिजिनल हाय. टेपसुद्धा कंपनीचाच. शोरूममधून निघाल्यापासून एका स्क्रूला हात लागलेला नाय!"

हे वाक्य मी शब्दशः जबाबात घेतले व त्याची स्वाक्षरी घेतली.

बाहेर फिर्यादी गाडीभोवती फिरत होता. "साहेब, माझीच हाय. पण माझी म्हणून दाखवू काय? समदंच बदललंय की."

सोबत आलेली त्याची वृद्ध आई पुढे झाली. "आवं सायब, टेपाच्या मागं बगा. पिवळं आसंल."

"पिवळं काय, आजी?"

"भंडारा! नवा टेप बसवायच्या टायमाला ती खोबण मोकळी दिसली. म्हणलं, मोकळ्या जागी आधी देव बसावा. मूठभर टाकला आत. तो फिटर वरडला, मावशे, वायरी खराब हुतील! मी म्हणलं, खंडोबाच्या भंडाऱ्यानं कुणाचं वाटुळं झालंय रे?"

खोबण उघडण्यापूर्वीच तिचा जबाब लिहून घेतला. पंच बोलावले. संशयित हसला, "साहेब, म्हातारीला चहा पाजा अन् घरी लावून द्या."

"चहा तूच पाज मला, सुटलास तर," आजी फणकारली.

मेकॅनिकने स्क्रू काढून टेप ओढला. विजेरीचा झोत आत गेला. आतल्या कडांवर, वायरींच्या वेटोळ्यावर, तळाच्या सांदीत हळदीचा पिवळाधमक थर! चोराने बाहेरून सारी गाडी पालटली होती. त्या अंधाऱ्या सांदीत मात्र त्याने निरखून पाहिलेच नव्हते.

"येळकोट येळकोट जय मल्हार!" आजी गरजली, आणि ठाण्यातील साऱ्या अंमलदारांनी एकमुखाने साद दिली. शिस्तीत न बसणारे ते होते; मी अडवले नाही.

संशयिताची मान खाली गेली. एका स्क्रूलाही हात लागला नव्हता, तर भंडारा टेपच्या मागे गेला कसा? स्वतःच्याच जबाबाने तो बांधला गेला होता. पुढे त्याने कबुली दिली, साथीदार दाखवले, आणखी गाड्या मिळाल्या. पुढे आलेल्या प्रयोगशाळेच्या अहवालानेही आमच्या तपासावर शिक्कामोर्तब केले.

न्यायालयाच्या आदेशाने गाडी ताब्यात देताना आजीने माझ्या कपाळी भंडारा लावला. खाकी गणवेशावर सांडलेला तो पिवळा रंग त्या दिवशी मी झटकला नाही. मेडल लावूनही मला इतके भूषण वाटले नसते.

त्या प्रकरणाने मला शिकवले की वस्तू कोणाची हे कागदपत्रांना विचारावेच. पण त्या वस्तूवर ज्याने माया केली, त्यालाही धीराने विचारावे. चोर दिसणारे सारे बदलू शकतो. कोणी कोणत्या श्रद्धेने तिच्या अंतरी काय ठेवले, हे त्यास कळत नाही.

वाचकहो, श्रीघृष्णेश्वर आपल्या गृही आरोग्य व समाधान नांदवो. कष्टाने मिळवलेले आपले सारे आपल्यापाशी राहो, आणि कधी हरवलेच, तर ते वाजतगाजत आपल्या दारी परत येवो.