होडीतली पूर्वेची चूल

चुलीपुढच्या बाईचं तोंड पूर्वेला असावं, हे मला कुणी बसवून शिकवलं नव्हतं. आमच्यात ते माहीतच असतं. त्या माहीत असण्यानंच माझा घात केला.

बहात्तर साल. भंडारदऱ्याच्या खालच्या अंगाला आमचं सुताराचं घर. पावसानं दडी मारलेली, लोकांनी बैलं विकलेली, मग नांगर करून घेणार कोण? अख्खा गाव रस्त्याच्या कामावर खडी फोडत होता. बायकोला सातवा महिना, तरी तीही निघाली होती. मी तिला ठणकावून सांगितलं, "म्या हाय तवर तू खडीवर जायची न्हाईस."

एवढा ताठा होता, कारण हाताला काम होतं. एका रिटायर साहेबांची धरणाच्या पाण्यावर शिडाची होडी होती. तिच्या पोटात स्टोव्हसाठी त्यांना कपाट करून हवं होतं, तेही झुलतं. दोन टोकांना दोन लोखंडी खुंट्या आणि त्यांवर कपाट पाळण्यासारखं टांगलेलं, म्हणजे होडी कलली तरी भांडं सांडायचं नाही. काम साधलं तर मुंबईला होड्यांच्या कारखान्यात लावून देतो, असा साहेबांनी शब्द दिला होता.

कागदावर चित्र काढून देऊन ते पुण्याला गेले. चित्रात कपाट होडीच्या उजव्या भिंतीला होतं. काठाला बांधलेल्या होडीचं नाक पूर्वेला, म्हणजे बाई स्टोव्ह पेटवणार ती थेट दक्षिणेला तोंड करून! हात तिच्या! एवढा शिकलेला माणूस, आणि एवढं कळू नये? पण मोठ्या माणसाची चूक तोंडावर कशाला काढा? आपणच गुपचूप निस्तरून द्यावी, म्हणून मी कपाट काटकोनात फिरवलं. खुंट्याही त्याच्याबरोबर फिरल्या. हातानं ढकलून बघितलं, तर लई झकास झुलत होतं. येड्यागत खूश झालो.

आठ दिवसांनी साहेब बाईसाहेबांना घेऊन आले. "आत बघा की," मी म्हणालो.

"वारा चांगला आहे, आधी शीड. कपाट चहा पिताना बघू," म्हणत त्यांनी मलाही होडीत घेतलं आणि ते सुकाणूला बसले. बाईसाहेब चहा टाकायला आत उतरल्या. काठ सुटला, होडी वळली, आणि माझी पूर्व कुठल्या कुठं गेली. चहाला उकळी येते तोच वाऱ्याचा झोत आला आणि होडी एका अंगावर कलली. कपाट झुललंच नाही. ते होडीबरोबरच आडवं झालं, आणि उकळतं पातेलं बाईसाहेबांच्या हातावर आलं. त्यांची ती किंकाळी मी विसरलेलो नाही.

साहेब ओरडले नाहीत. काठावर आल्यावर एवढंच म्हणाले, "होडी डावी-उजवीकडे कलते रे बाबा. म्हणून चित्रात खुंट्या पुढे आणि मागे काढल्या होत्या. फिरवल्यास कशाला?"

हत्यारं तिथंच टाकून घरी आलो. दुसऱ्या दिवशी खडीवर नाव लिहिलं.

महिन्याभरानं साहेबांचा माणूस दारात आला. बाईसाहेबांचा हात बरा होता. कपाट चित्राप्रमाणं फिरवून दे, मग मुंबईचं बघू, असा निरोप होता. मी आत भिंतीला टेकून सगळं ऐकत होतो. उठायचं, बाहेर जायचं, हात जोडायचे, एवढंच करायचं होतं. पण त्या बाईच्या हाताकडं बघायचं कसं? लाज नुसती गिळून बसली होती मला. मी बायकोला हातानं खुणावलं, घरी नाही म्हण.

तिनं माझ्याकडं बघितलं. मग दारात जाऊन म्हणाली, "न्हाईत वो घरी. कवा येत्याल, ठावं न्हाई."

माणूस गेला. ती आत आली, पोटाला हात लावून खाली बसली आणि म्हणाली, "उद्या माझंबी नाव लिवा खडीवर."