लिंबाजी आबांचा वस्तरा

लिंबाजी आबा शिव्या देत वस्तऱ्याला धार लावायचे. सरपंचाला शिव्या, पावसाला शिव्या, रेशनच्या किडक्या गव्हाला शिव्या, आणि सख्ख्या धाकट्या भावाला, म्हणजे माझ्या वडिलांना, सगळ्यांत जास्त. जाड भुवया, फाटका आवाज, मानेच्या शिरा ताणलेल्या. पण हाताकडं बघितलं तर वाटायचं, हा हात दुसऱ्याच कुणाचा आहे. दगडावरून वस्तरा इतका हलका जायचा की आवाज ऐकायला कान द्यावा लागे. धार लावायच्या त्या दगडाला आबा पथरी म्हणत. "राग तोंडानं काढावं," ते म्हणायचे. "हातानं काढलं तर दगडाचं काय जात न्हाई, धार मरती."

जळकोटच्या अलीकडं आमचं गाव. गावाचा न्हावी मारोती. पाराजवळच्या लिंबाखाली धोकटी उघडून बसायचा आणि अख्ख्या गावाची दाढी-डोई करायचा, फक्त बौद्धवाड्याची नाही. वाड्यातली माणसं एकमेकांचे केस शेळीच्या कातरीनं कापत. हाच मारोती सरपंचाच्या म्हशी भादरायला मात्र गोठ्यात जाई. आबांना पोरपणी ते दिसलं आणि त्यांनी बापाला विचारलं, "म्हशीचा विटाळ न्हाई, मग माझाच कसा?" आबा त्याच वर्षी पळून नांदेडला गेले.

नांदेडला इतवारा भागात एका म्हाताऱ्या हज्जामाच्या दुकानात ते केस झाडायला आणि पाणी भरायला राहिले. त्या करीमचाचांनी त्यांची जात विचारली नाही, पण हातावर पट्टीचे फटके मात्र पुष्कळ दिले. त्यांचं एक वाक्य आबा आयुष्यभर त्यांच्याच सुरात म्हणत, "जोर नक्को करो मियाँ, पत्थर अपना काम करता." बाप वारला तेव्हा आबा गावी परतले ते वस्तरा, पथरी आणि चामड्याचा पट्टा घेऊनच. तेव्हापासून वाड्यातला एकही माणूस दाढी वाढलेली घेऊन बाजाराला गेला नाही.

मला त्यांनी धार लावायला शिकवलं. मी मॅट्रिकला होते. वाड्यातल्या बायका हसल्या, "पोरीला दाढी फुटायची हाय का?" आबा त्यांच्यावर खेकसले आणि मला पथरीपुढं बसवलं. "पाठ उचलू नको. वस्तऱ्याची पाठ अन् धार, दोन्ही दगडाला टेकून पाह्यजेत. पाठ उचलली की धार बोथट." दगडावर धार पुढं ठेवून जायचं आणि पट्ट्यावर पाठ पुढं. उलट केलं तर पट्टा चिरतो आणि धारही जाते. टोकाशी पोचलं की वस्तरा पाठीवर उलटवायचा, धारेवर कधीच नाही. मी एकदा अंगठ्यानं धार बघायला गेले तर त्यांनी माझा हात झटकला. "अंगठ्याला काय इचारायलीस? तो खोटं बोलतो, अन् कापून बी घेतो. केसाला इचार." मनगटावरची लव वस्तरा टेकताच पडली, की ते हुंकार भरायचे. त्यांच्याकडून शाबासकी ती एवढीच.

कोरड्या दगडावर वस्तरा घासणं त्यांना मान्य नव्हतं. दुष्काळात त्यावरून घरात रोज भांडण. आमच्या भागाचा लातूर नवा जिल्हा झाला, पेपरात त्याचे फोटो आले, आणि आमच्या विहिरीचा तळ उघडा पडला. टँकर येई, घागरी रांगेत लागत. आबांची बायको, माझी मोठी माय, ओरडायची, "प्यायला न्हाई अन् दगडाला पाणी पाजायलाव!" आबा तांदूळ धुतलेलं पाणी वाटीत धरून ठेवायचे आणि त्यावर धार लावायचे.

त्याच उन्हाळ्यात मारोतीचे दिवस फिरले. शेतात काही पिकलं नाही, त्याला बलुतं मिळेना. त्याची पथरी बापाच्या वेळची, मध्ये पार खोलगट झालेली. दुसरी घ्यायची ऐपत नव्हती. गावात सायकलच्या चाकावर सुऱ्या-कात्र्यांना धार लावणारा आला, तेव्हा मारोतीनं सगळे वस्तरे त्याच्याकडं दिले. चाकावर ठिणग्या उडाल्या, लोकांनी मजा बघितली. दुसऱ्या दिवशी सरपंचाची हनुवटी चिरली. सरपंचानं भरल्या पारावर मारोतीच्या थोबाडीत मारली.

मग एका भर दुपारी, गाव झोपलं असताना, मारोती आमच्या कुडामागं येऊन उभा राहिला. वस्तरे फडक्यात गुंडाळलेले. आबांनी एक वस्तरा उन्हात धरला. धारेजवळ पोलाद निळसर पडलं होतं.

"जाळलास की रे मारत्या! चाकावर वस्तरा लावतेत का? त्याचं पाणी उतरलं. ही कुऱ्हाड हाय का विळा हाय?"

"लिंबाजी, पाया पडतो. एवढं दुरुस्त करून दे. माझी लेकरं मरतील."

"दुरुस्त करतो. पण एक हाय. रविवारी मी पारावर येणार. समद्यांसमोर तुझ्यापुढं बसणार. तू माझी दाढी करायची."

मारोतीनं खाली बघितलं. मग म्हणाला, "हाव. करतो."

आबा दिवस कलेपर्यंत बसले. जळालेली धार घासून घासून काढली, शिव्यांचा पाऊस पाडला, आणि वस्तरे असे करून दिले की मारोती ते फडक्यात गुंडाळायलाही बिचकला. त्यानंतर तो अधूनमधून त्याच कुडामागं यायचा. रविवार मात्र पुढं ढकलायचा. या रविवारी सरपंचाकडं पाहुणे आहेत, त्या रविवारी जत्रा आहे. शेवटी आबांनी सांगितलं, "आता मी इचारणार न्हाई. येणार."

त्या रविवारी आम्ही बायका टँकरच्या रांगेत होतो, पारापासून हाकेच्या अंतरावर. आबा पांढरंशुभ्र धोतर नेसून आले, गालावर आठवड्याची दाढी. मारोतीनं त्यांना बघितलं आणि धोकटी बांधायला घेतली. नुकतीच दाढी करून सरपंच तिथंच बसला होता.

"लिंब्या, इकडं कुठं?"

"दाढीला आलोय. मारोतीनं जबान दिलीय."

सरपंच मारोतीकडं वळला. "काय रे? तू बोलावलास ह्याला?"

"न्हाई मालक," मारोती म्हणाला. "मी कशाला बोलवू? मी ह्याच्याशी बोलत बी न्हाई."

मला वाटलं, आता आबा शिव्या घालतील. त्यांनी घातल्या नाहीत. ते शांतपणे म्हणाले, "मालक, गालावरून हात फिरवून बघा. मऊ लागतंय ना? ती धार माझ्या हातची हाय. गावातला एकूण एक माणूस माझ्या धारेखाली मान देऊन बसायलाय. इचारा ह्याला."

सरपंचाचा हात आपसूक गालाकडं गेला. तो तसाच वर राहिला, आणि पारावरच्या सगळ्यांनी तो बघितला. मग जे व्हायचं ते झालं. मारोतीला लाथा बसल्या, त्याचे वस्तरे कोरड्या विहिरीत फेकले गेले. आबांना कुणी हात लावला नाही. त्यांच्यासाठी दुसरा उपाय होता.

वाड्याचं पोट तेव्हा तलावाच्या दुष्काळी कामावर चालायचं, आणि तिथं हजेरी घेणारा सरपंचाचा पुतण्या. दुसऱ्या सकाळी त्यानं बौद्धवाड्यातल्या माणसांना परत पाठवलं. काम नाही. का नाही, ते सांगायची गरज नव्हती. तरी निरोप आलाच, लिंबाजी गावात आहे तोवर काम नाही. कायद्यानं हा गुन्हा होता, हे आबांना ठाऊक होतं, सरपंचालाही होतं. पण तक्रारीला साक्षीदार लागतो, आणि साक्षीदाराच्या घरी चूल पेटावी लागते.

विहारापुढं वाडा जमला. शेवटी माझे वडीलच उठले.

"आबा, तुमच्या एका दाढीपायी वाडा उपाशी राहिलाय. थोडे दिवस लातूरला जावा. नवा जिल्हा झालाय, तिथं काम हाय. इथलं निवळलं की या."

"दाढीपायी?" आबा म्हणाले. "तुला ती दाढी वाटली?"

वडील परत खाली बसले.

"जातो. तुझ्या लेकरांला मी उपाशी मारणार न्हाई. पण ध्यानात ठेव, मला गावानं काढलं न्हाई. गावाची काय ताकद होती? तू काढलंस."

माझे वडील वाईट माणूस नव्हते. त्यांच्या अंगावर आम्ही पाच भावंडं होतो, आणि माझा धाकटा भाऊ त्या दिवसांत नुसता कण्यांच्या पेजेवर होता. हे सगळं मला कळतं. तरी तो प्रसंग आठवला की आजही माझे कान तापतात. सरपंचानं वाड्यात पाऊलही न टाकता आमच्याच तोंडून आमचा माणूस हाकलून दिला, आणि आम्ही दुसऱ्या दिवशी टोपली-फावडं घेऊन त्याच्याच पुतण्यापुढं उभे राहिलो.

लातूर तेव्हा उकरून ठेवलेलं होतं. जिकडं तिकडं कचेऱ्या उठत होत्या, रस्ते फोडलेले, बाहेरगावचे कारकून खोल्या शोधत हिंडत होते. आबांनी कचेरीच्या रस्त्याला एका भिंतीच्या आडोशाला खुर्ची मांडली आणि वर पाटी लावली. पाटीवर आधी 'जय भीम', मग आडनावासकट स्वतःचं नाव. मी डी.एड.ला लातूरला आले आणि त्यांच्याकडंच राहिले. मी म्हणाले, "आबा, नुसतं 'केशकर्तनालय' लिहा ना. गिऱ्हाईक वाढंल." ते माझ्यावर असे उसळले की मोठी माय मध्ये पडली. पाटी वाचून वळणारे वळायचेच. आबा त्यांच्या पाठीवर ओरडायचे, "जा! बोथट वस्तऱ्यानं सोलून घे जा!" बसणारेही पुष्कळ होते. एकदा बसलेला माणूस दुसरीकडं जात नसे.

एका दुपारी मी डबा घेऊन गेले, तर खुर्चीपुढं मारोती उभा. मी ओळखलंच नाही, इतका वाळला होता. गावानं त्याला पुन्हा धोकटी उघडू दिली नव्हती. तो बाटला म्हणून दुसरा न्हावी आणला होता. बायको-लेकरं माहेरी धाडून तो लातुरात हमाली करत होता.

"आबा, चुकलो," तो म्हणाला. "समद्यांदेखत खोटं बोललो. काम असंल तर द्या."

आबांनी हातातलं गिऱ्हाईक संपवलं. पट्ट्यावर वस्तरा फिरवला. मग स्वतः खुर्चीत बसले, गळ्याभोवती टॉवेल गुंडाळला आणि वस्तरा मारोतीपुढं धरला.

"कर."

रस्त्यावर वर्दळ होती. साबण लावताना मारोतीचे डोळे वाहत होते आणि आबा त्याच्यावर खेकसत होते, "रडतो काय? इकडं बघ. कातडी ताण. आडवा धरलास की रे, कुणी शिकवलं तुला? दाबू नको!" दाढी पूर्ण होईस्तोवर त्यांचं तोंड थांबलं नाही. उठल्यावर आरशात बघितलं, कानाखाली राहिलेली एक रेघ दाखवली, तीही करून घेतली. मग माझ्या हातातला डबा घेतला आणि अर्धी भाकरी मारोतीच्या हातावर ठेवली.

संध्याकाळी मी विचारलं, "माफ केलंत त्याला?"

"माफ कुणी केलं? कामाला ठेवलंय. दोन्हीत फरक हाय."

मारोतीकाका पुढं कायम त्यांच्याबरोबर राहिले. आबा त्यांना रोज बोलायचे, धारेवरून, पाण्यावरून, जुन्या गोष्टीवरूनही. काका ऐकून घ्यायचे. एकदाच मला म्हणाले, "बोलू द्या. त्यांचं खरं हाय."

आबा गावी पुन्हा गेले नाहीत. थोडे दिवस म्हणून वडिलांनी सांगितलं होतं, त्याची वर्षं झाली. मी धर्माबादला शिक्षिका झाले. आबांच्या छातीत पाणी भरलं तेव्हा मीच त्यांना नांदेडच्या दवाखान्यात आणलं. वडील गावाहून आले. आता म्हातारे झालेले, काठी टेकत. खाटेशी बसून म्हणाले, "आबा, बरं वाटलं की घरी चला. गाव लई बदललंय. पारापाशी सलून झालंय, आपली पोरं बी बसतेत, कुणी काय म्हणत न्हाई. सरपंच बी गेला."

आबांना धाप लागली होती. तरी ते कोपरावर उठले.

"मला सांग, गावातून कुणी आलं का तुझ्याकडं? तो पुतण्या, आणखी कुणी? लिंबाजीचं आमच्या हातून वाईट झालं, असं एक तरी माणूस म्हणलं का?"

वडिलांनी मान खाली घातली. "न्हाई."

"मग गाव बदललं न्हाई. गाव इसरलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा गेले. वडील रडत म्हणाले, माती तरी गावाला नेऊ, आपल्या माणसांत. गाडीची चौकशीही त्यांनी केली होती. मोठ्या मायनं माझ्याकडं बघितलं, मारोतीकाकांनीही बघितलं.

मी म्हणाले, "नाही. कोणी बोलवायला आलेलं नाही."

आम्ही त्यांना नांदेडलाच, गोदावरीच्या काठी अग्नी दिला.