आप्पांच्या सळ्या आणि विलासचं मशीन

कुलूपवाल्याच्या दुकानात एक पत्र्याचा डबा असतोच. लोकांनी बनवायला सांगून कधीच न नेलेल्या चाव्या त्यात पडलेल्या असतात. किश्श्यांचंही तसंच. गिऱ्हाईक जातं निघून, किस्सा राहतो आमच्याकडे. भांडुप स्टेशनजवळच्या आमच्या एवढ्याशा दुकानात हा दुसरा डबा केव्हाच भरून वाहायला लागलाय, म्हणून थोडे तुम्हाला देते.

दुकानात माणसं तीन आणि कामाचं स्टूल एक. त्यावर बसून कुलूप उघडायचं कोणी, यावरून सासरे आणि नवरा यांचं रोज वाजतं. सासरे म्हणजे आप्पा, मूळचे मालवणकडचे. खिशात दोन वाकड्या सळ्या, बाकी सगळं काम हाताचं. नवरा म्हणजे विलास. त्याच्याकडे ट्रिगरवालं मशीन आहे. कुलपात टोक घालायचं, टर्रर्र करायचं, दार उघडं. आणि मी? लग्न झाल्यापासून काउंटरला उभी राहून डुप्लिकेट चाव्या कापते.

एक तरी कुलूप मला स्वतःच्या हाताने उघडायचंय, हे मी दोघांना सांगून बघितलं. आप्पा म्हणाले, बाईमाणसाच्या हातात गिऱ्हाईक कुलूप देत नाही. विलास म्हणाला, मशीन नाजूक असतं गं. माझ्या माहेरचा मिक्सर याने चटणी करताना जाळला, तेव्हा तो काही नाजूक नव्हता!

*

आप्पांचे नियम दोन. पहिला, दोन शेजारी येऊन ‘घर यांचंच’ असं म्हणाल्याशिवाय कुलपाला हात लावायचा नाही. दुसरा, काम चालू असताना कोणी बघायचं नाही. सगळ्यांना भिंतीकडे वळवतात आणि म्हणतात, “तोंडं तिकडे करा.” विद्या चोरीला जाते म्हणे.

एकदा मुलुंडला एका घराचं दार उघडेना. आप्पांनी अख्ख्या कुटुंबाला जिन्याकडे तोंड करून उभं केलं आणि बसले सळ्या घालून. मधूनमधून “कुलपाक इचारूक व्हया” असं पुटपुटत होते. कुलूप काही उत्तर देईना. शेवटी उभं राहून पाय दुखले म्हणून त्या घरातल्या काकू दाराला टेकल्या, तर दार धाडकन उघडलं आणि काकू आत. लॅच लागलेलंच नव्हतं, पावसाने दार फुगलं होतं.

आप्पा शांतपणे सळ्या पुसत म्हणाले, मीच सैल करून ठेवलं होतं.

*

मशीन आलं त्या आठवड्यात विलासला चेव चढला होता. कपाट, घरात गोदरेजची तिजोरी नाही म्हणून बॅगा, शेजारच्यांची सेफ्टी डोअर, जे दिसेल त्यावर टर्रर्र. आमच्या घराच्या लॅचवर तर त्याने इतका सराव केला, की ते लॅच लागायचंच बंद झालं. नवीन आणायला साहेबांना वेळ नाही. मग काय, कुलूपवाल्याचं घर आम्ही सुतळीने बांधून दुकानात यायचो. शेजारीण विचारायची, गाठ मारायला कुठला कोर्स केलात?

*

घाटकोपरच्या एका टॉवरमधून फोन आला. आठवा मजला, चावी आत राहिलीय, मी गाडी लावून आलोच. विलास वर गेला आणि माणूस यायच्या आत दार उघडून मोकळा. आत एक आजोबा बनियनवर पोहे खात बसले होते. विंग चुकली होती!

आजोबा घाबरले असते, ओरडले असते, तर एक वेळ ठीक. त्यांना अपमान वाटला तो कुलपाचा. जावयाने परदेशातून आणलेलं होतं म्हणे. त्यांनी विलासला बाहेर काढलं, दार आतून नीट लावलं आणि म्हणाले, आता उघडा. विलासने उघडलं. आजोबांनी पोह्यांची बशी बाजूला ठेवली आणि जावयाला फोन लावला. पुढचं सगळं विलासला ऐकून घ्यावं लागलं, कारण फोन स्पीकरवर होता.

दुकानात आल्यावर आप्पा एवढंच म्हणाले, दोन शेजाऱ्यांना विचारलं होतंस?

*

पण मशीनचं खरं दुखणं वेगळंच. विलासने झटकन दार उघडलं की लोकांचं तोंड पडतं. अंधेरीच्या एक मॅडम तर चिडल्याच. एवढंच होतं तर मी केलं असतं, म्हणाल्या. आप्पा मात्र घाम गाळून, गुडघे धरून, दुपार घालवून तेच कुलूप उघडतात तेव्हा त्यांना चहा मिळतो, वर खारी मिळते.

आता विलासही शहाणा झालाय. पहिल्या झटक्यात कुलूप उघडतो, मग गिऱ्हाइकाकडे पाठ करून मशीन बराच वेळ हवेत टर्रटर्र फिरवतो. कपाळ पुसतो. परवा पार्ल्यात त्याला कोकम सरबत मिळालं.

*

आणि आप्पा? त्यांनी कधी मशीनला हात लावला नाही, असं ते छातीवर हात ठेवून सांगतात. एकदा विलास तापाने झोपला होता, तेव्हा ते एकटेच बोरिवलीला एका कामावर गेले. मशीन त्या दिवशी दुकानात नव्हतं, पण मी कशाला बोलू?

दुसऱ्या दिवशी त्या घरच्या वहिनींचा फोन आला. काम छान झालं, दार मिनिटात उघडलं. “पण तुमच्या सासऱ्यांना डॉक्टरला दाखवा हो. आम्ही भिंतीकडे तोंड करून उभे, आणि ते मागे सारखे केवढ्यांदा खोकत होते!”

*

आता हा शेवटचा. एका सकाळी आमच्याच दुकानाचं शटर उघडेना. ते कुलूप आप्पांनी स्वतः बनवलेलं, मुंबईत कोणाच्या बापाला उघडणार नाही असं सांगत फिरायचे. आदल्या दिवशी विलासने गंमत म्हणून त्यावर टर्रर्र करून बघितलं होतं. आता चावी फिरेना, आणि मशीन शटरच्या आत.

आप्पांनी आम्हाला रस्त्याकडे तोंड करून उभं केलं आणि सळ्या काढल्या. दुपार झाली. गिऱ्हाइकं बघून हसून जायला लागली. कुलूपवाले कुलपाबाहेर! दोघांपैकी कोणी माघार घेईना. शेवटी मीच रस्ता ओलांडला आणि समोरच्या फूटपाथवरच्या सलीमला घेऊन आले. हा आप्पांकडेच शिकलेला आणि भांडून बाहेर पडलेला.

सलीमने थैली खाली ठेवली. आप्पांकडे बघितलं, विलासकडे बघितलं. मग अगदी गंभीरपणे म्हणाला, “दुकान तुमचंच कशावरून? दोन शेजारी आणा.”

आणावे लागले. वडापाववाला आणि झेरॉक्सवाला येऊन साक्ष देऊन गेले. मग सलीमने बापलेकांना रस्त्याकडे वळवलं. मी पण वळायला लागले तर म्हणाला, “वहिनी, तुम्ही बघा. नाहीतर तुम्हाला कोण शिकवतंय?”

रस्त्यावर रिक्षांचे हॉर्न, आणि त्यात सलीम खोकायला लागला. चांगला जोरजोरात. आप्पांचा चेहरा पडला. शटर वर गेलं तेव्हा थैली बंद झाली होती.

“हातान काढल्यान ना?” आप्पांनी विचारलं. “मशीन होतं ना त्याच्याकडे?” विलास म्हणाला. सलीम जाता जाता म्हणाला, वहिनींना विचारा. मग दोघंही माझ्या मागे लागले, सांग गं, सांग गो.

मी आत गेले आणि स्टुलावर बसले. तेवढ्यात एक बाई चावी हरवलेलं कुलूप घेऊन आली. मी ते तिच्याकडून घेतलं. मग आप्पांच्या खिशातून सळ्या काढून घेतल्या, विलासने आत येताच उचललेलं मशीन त्याच्या हातून घेतलं, दोन्ही मांडीवर ठेवलं आणि दोघांना म्हटलं,

“तोंडं तिकडे करा.”