जमिनीवर ठेवलेलं तबक

दुपारचे पाढे चालू होते. शेजारच्या कोंडाणे गावचा एक गडी शाळेच्या दारात आला, पागोटं काढून हातात घेतलं आणि म्हणाला, "मास्तर, भिकाजी गेला. सकाळपासनं जुलाब-उलटी. पानी बी ठरलं नाय." यावर माणसाने काय विचारावं? मी विचारलं, "पाटील काय म्हणाले?" त्याला आता सहा आठवडे झाले. तो प्रश्न आठवला की माझी मलाच किळस येते...

कर्जतचं तरुण मंडळ भिकाजीने आणि मी मिळून काढलं. तो कुणबी, मराठी तीन इयत्ता शिकलेला, स्टेशनात मालगाडीच्या वाघिणी भरणारा. दिवसभर हमाली करून ताडीच्या गुत्त्यात बसणाऱ्या पोरांना अक्षरं शिकवावी, दंड-जोर काढायला लावावे, एवढाच आमचा बेत. पोरं वाढली आणि माझ्या पडवीत मावेनात. एका भातव्यापाऱ्याने वखारीचा माळा देऊ केला, पण अट घातली. आसपासच्या पाच वस्त्यांनी मिळून मागितला तरच देईन. एकट्या कर्जतला दिला तर बाकीचे माझ्या गाड्या अडवतील, असं त्याचं म्हणणं. मुदत पाडव्यापर्यंतची.

मी म्हणालो, अर्ज लिहू. भिकाजी हसला. "कागदानं गाव येतं व्हय, मास्तर? आदी पेंढा उचलायचा, मंग तोंड उघडायचं." त्या हिवाळ्यात तो खरोखरच गावोगाव गेला. कुठे भाताच्या झोडणीला हात लावला, कुठे गाळात रुतलेली म्हैस काढली, ठाकरवाडीत बसून नाचणीची भाकरी खाल्ली. पहिल्या खेपेला मंडळाचं नावही काढायचा नाही. मी उतावळा, मला वाटायचं हा नुसता वेळ घालवतोय. शेवटी चार पाटील आणि ठाकरवाडीचा म्होरक्या भिकाजीच्या ओसरीवर एकत्र यायला राजी झाले, ते माझ्या वळणदार अक्षरामुळे नव्हे.

बैठकीच्या सकाळी माझ्या घरच्या पितळी तबकात त्याने पाच विडे मांडले आणि मला बजावलं, "तबक हातानं फिरवायचं नाय. मधी भुईवर ठेवायचं. मी 'उचला' म्हनीन, पाची जन एकदम उचलतील. पयला मान कुनाचाच नाय." बोलणी गोडीत झाली. आता विडे उचलले की शब्द पक्का. भिकाजी पाणी आणायला आत वळला... आणि पाहुण्यांना विडा जमिनीवरून का घ्यायला लावायचा, या माझ्या घरच्या वळणापायी मी तबक उचलून कोंडाण्याच्या पाटलांपुढे धरलं. ते वयाने थोर, शेजारीच बसलेले. त्यांनी विडा घेतला. तोच खोपोलीकडचे पाटील उठून वहाणा घालू लागले. "आमाला उष्ट्या मानाला बोलावलंत व्हय, मास्तर?" त्यांच्यामागून बाकीचे गेले. कोंडाण्याच्या पाटलांनी विडा तबकात परत ठेवला आणि तेही गेले.

भिकाजी तांब्या घेऊन दारात उभा होता. त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. "चला," एवढंच म्हणाला, "परत पयल्यापासनं." चला म्हणाला खरा, पण मला शाळा होती, तो एकटाच चालला. एकेक करून चार जण पुन्हा राजी झाले. कोंडाणं राहिलं. तिकडे जरीमरीची साथ आहे हे त्याला ठाऊक होतं, मलाही ठाऊक होतं. मी जाऊ नको म्हणालो, पण पाडवा चार दिवसांवर आला होता आणि मी फार जोर लावून म्हणालो नाही. त्याने पाटलांच्याच पडवीत प्राण सोडला. गड्याने सांगितलं, पाटलांनी त्याला हो म्हटलं होतं, शेवटचं पाणी पाजताना.

व्यापाऱ्यालाही पाझर फुटला, तो तेराव्यापर्यंत थांबला. तेराव्याला पाचही जण भिकाजीच्या अंगणात जेवले. जेवणानंतर मी तबक आणलं, मधोमध भुईवर ठेवलं आणि लांब झालो. सगळे माझ्याकडे बघत होते. एकच शब्द म्हणायचा होता. मी दाराकडे पाहिलं, तिथे तांब्या घेऊन कोणी उभं नव्हतं, आणि माझा शब्द 'उ'पाशीच अडला... दुःखाच्या घरी घाई कोण करणार? उन्हं कलली तसे ते एकेक करून उठले. दुसऱ्या दिवशी माळ्यावर भाताची पोती चढली. मी त्या पाचांच्या मागे जायला हवं होतं. पण दारोदार जाणारा तो होता, मला कुणाच्या घरची वाटसुद्धा माहीत नव्हती. पोरं पुन्हा गुत्त्यात बसतात. मला बघून मान खाली घालतात, मीही घालतो.

तबक पडवीत भुईवरच आहे. बायको म्हणते, उचलून ठेवा हो आता. मी ठेवत नाही. शाळा सुटली की रोज त्याच्यासमोर बसतो आणि मोठ्याने म्हणतो, "उचला." आता अगदी स्पष्ट म्हणता येतं.