पडवळाचे दगड

घर रिकामं केलं त्या सकाळी टेम्पो दारात उभा, ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न मारतोय, आणि आई मागच्या परसात पडवळांचे दगड सोडत बसलेली. पडवळ वेडंवाकडं वाढू नये म्हणून टोकाला सुतळीने दगड बांधतात. आमच्या आणि शेजारच्या सावंतकाकूंच्या वेलांच्या मांडवावर असे पाच-सहा तरी कायम लोंबायचे. "आता सरळ वाढून कुणाला दाखवायचंय?" म्हणत तिने एकेक दगड पदरात टाकला. मी ओरडलो, "आई, चल ना यार, टेम्पोवाला वैतागलाय!" ते ‘चल ना यार’ आज आठवलं की मान खाली जाते.

नव्या बिल्डिंगसाठी मोहने गावातली बैठी चाळ सोडून आपण बहुतेक सगळे पांगलो. आम्ही कळव्याला भाड्याने, सावंतकाकू ठाकुर्लीला लेकीकडे. टोकाच्या दोन खोल्यांतली माणसं अजून तिथेच आहेत. गेलेल्यांनो, राहिलेल्यांनो, आजवर माझ्याकडून तुम्हाला पत्रकं मिळाली. ही कबुली घ्या.

पक्क्या घरांची मागणी मी केलेली, आणि ती चूक होती असं मी आजही म्हणणार नाही. गळके पत्रे, अख्ख्या रांगेला एक संडास, दाराशी बादली धरून ताटकळणाऱ्या म्हाताऱ्या. ज्यांना हे गोड आठवणीसारखं वाटतं त्यांनी तिथे एक पावसाळा काढून दाखवावा. पण त्या मागणीच्या पत्रकात एक ओळ होती: ‘चाळीमागची पडीक जागा तात्काळ वापरात आणा!’ उद्गारचिन्हासकट. रिक्षा स्टँडवर घसा फोडून मी ती वाचलेली.

आईने त्याच पत्रकावर अळूची पानं पसरून चिरायला घेतली. मोरीचं पाणी जिथे मागे जायचं तिथलंच ते अळू.

"पडीक म्हणजे काय रे?"

"म्हणजे वापरात नसलेली."

"बरं. मग आज फदफदं जेवू नकोस."

मी हसलो, आणि दोन वाट्या भरून ओरपलं.

पावसाळ्यात शिराळी, पडवळ. थंडीत वालाच्या शेंगा, मुळा. उन्हाळ्याच्या तोंडावर शेवगा. आज भाजी काय, हे आमच्या घरी मागचं दार ठरवायचं. पडवळात चण्याची डाळ आणि वरून ओलं खोबरं. आतल्या बियासुद्धा फेकायच्या नाहीत, त्या भाजून चटणी. आळी करणं, मांडव घालणं, किडी वेचणं सगळं आईचं आणि शेजारणींचं, कामावरून आल्यावर. आणि मी? ती भाजी खात खात बायकांच्या न मोजलेल्या श्रमांवर भाषण तयार करत होतो. निर्लज्जपणाला काही सीमा!

मग बिल्डरच्या माणसांबरोबर चाळीची मीटिंग झाली. सावंतकाकू उभ्या राहिल्या, म्हणाल्या, "बिल्डिंग बांधा, पण मागे एक पट्टी माती ठेवा. मांडवापुरती." बिल्डरच्या माणसाने फायलीतून माझं पत्रक काढलं. "काकू, तुमच्याच चाळीतल्या पोराने लिहिलंय ना? पडीक." लोक हसले. मी पहिल्या रांगेत होतो. एरवी कुणाच्याही हातातला माईक ओढून घेणारा मी, त्या दिवशी चपलेचा अंगठा बघत बसलो. आईने माझ्याकडे पाहिलं नाही. काकूंनी पाहिलं. नकाशात त्या जागी आता पार्किंग आहे.

कळव्याला आम्ही चौथ्या मजल्यावर. बाजारातलं पडवळ आईने एकदा शिजवलं, "बिया जून आहेत," एवढंच बोलली. मग ग्रिलमध्ये रंगाच्या रिकाम्या डब्यात तिने वेल लावला. परवा त्याला एक पडवळ धरलं आणि गजाला वेटोळं घालायला लागलं. ती आत गेली, पोह्यांच्या जुन्या डब्यातून सुतळी बांधलेला दगड घेऊन आली. मला वाटलेलं, ते तिने तिथेच टाकले. सगळे आणलेले.

तेव्हा कुठे मी विचारलं, "आई, मागे काय काय यायचं, सांग. हरकतीचा अर्ज करायचाय. नकाशा अजून पास झालेला नाही."

ती सांगत गेली महिन्यांप्रमाणे. मध्येच, "ते लिही, मुळ्याचा पालासुद्धा." मध्येच, "सावंतीणबाईंचा वाल आपल्यापेक्षा गोड, तेही लिही." कागद दोन्ही बाजूंनी भरला. घोषणेला जागाच उरली नाही. वाचून दाखवलं तर म्हणाली, "अळू राहिलं."

बरोबर तेच राहिलेलं. समासात लिहिलं.

मला आता कुणी घर कुठलं विचारलं तर मोहने म्हणतो, आणि डोळ्यांपुढे मागचं दार येतं, ज्याच्याकडे मी इतकी वर्षं पाठ करून जेवलो. अर्जाची पहिली ओळ अशी आहे: ‘पडीक हा शब्द माझा होता आणि तो खोटा होता.’ ऐकून आई म्हणाली, "बस आता जेवायला." तिने माफ केलं, असा अर्थ मी काढलेला नाही.

रविवारी सह्या घ्यायला निघतोय. पहिली सही सावंतकाकूंची हवी. ठाकुर्लीला त्यांच्या दारात काय बोलायचं, ते अजून सुचलेलं नाही. आईला विचारलं, तर तिने डब्यातला एक दगड काढून माझ्या हातात ठेवला. "हा त्यांच्या वेलाचा आहे. देऊन ये."