छगनची मूठ

माझा थोरला भाऊ भाईदास वाईट माणूस नव्हता. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी त्याला चार शब्द बोलणार आहे. मी बोलायला लागले की मला आवर नसतो, असं माझ्या सासरी लोणखेड्याला सगळ्यांचंच म्हणणं आहे.

आमचं माहेर कळसाडीचं. घरची जमीन होती, विहिरीला पाणी होतं, आणि सगळ्या भाऊबंदांत पहिला शिकलेला म्हणून भाईदास शहाद्याला शाळेत मास्तर झाला. लाज हा त्याचा स्वभावच. लहानपणी पाहुण्यांपुढे दुसरी भाकर मागायला लाजायचा आणि मग पाहुणे गेले की आईच्या मागे मागे फिरायचा. मास्तर झाल्यावर ती लाज कमी होईल असं मला वाटलं होतं. कसली कमी होते. आधी भाकरीची वाटायची, नंतर आमची वाटायला लागली.

त्याची बायको एक पोर मागे ठेवून लवकर गेली. घर सांभाळायला आमची आई धनुबाई, आणि धाकट्या भावाची, छगनची, बायको गजरा. भाईदास गजराचा जेठ, म्हणजे थोरला दीर. तेव्हा जेठासमोर तोंड दाखवायची रीत नव्हती, बोलायची तर नाहीच. गजरा पदर नाकाच्याही खाली ओढून त्याला जेवायला वाढायची. इतकी वर्षं एका घरात राहून भाईदासला तिचा फक्त वाढणारा हात ठाऊक होता.

छगन पहिल्या लढाईत खेचरं हाकायला म्हणून सरकारी माणसांबरोबर दर्यापार बसऱ्याला गेला. एकदा खुशालीचं कार्ड आलं. मग काही नाही. लढाई संपली, नंदुरबारकडची, धुळ्याकडची माणसं परत आली, छगन आला नाही. मेला असंही कुणी कळवलं नाही. गजरा कुंकू लावत राहिली, आणि तिला तू का लावतेस असं विचारायची कुणाची छाती झाली नाही. तिच्या कुंकवाला आधार एकच होता, तो म्हणजे कानबाईची मूठ.

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्या खानदेशात कानबाई देवी बसते. नारळाला डोळे, नथ लावायची, साडी नेसवायची, आणि घरातल्या पुरुषमाणसांच्या नावाने मोजलेल्या गव्हाचे रोट करायचे. आमच्या घरची रीत अशी की आदल्या दिवशी सगळे भाऊबंद ओसरीवर जमतात, कुळातला वडीलधारा एकेक नाव घेतो आणि त्या नावाने सुपात सव्वा मूठ गहू पडतो. तान्ह्या पोराचीही मूठ असते. गावाला गेलेल्याचीही असते. नसते ती फक्त मेलेल्याची. लग्न झालेल्या लेकींना ते रोट चालत नाहीत, म्हणून मी दरवर्षी उंबऱ्यावर बसून नुसती बघायची. वडीलधारे मगनबाबा "छगन" म्हणायचे, मूठ पडायची, आणि आत गजरा श्वास सोडायची. तो मला ऐकू यायचा.

आईची नजर गेली तेव्हापासून सगळ्यांच्या मुठी भाईदास टाकायचा.

त्या वर्षी शहाद्याला कुणी एक विद्वान आले होते. कंदिलाच्या उजेडात पडद्यावर चित्रं दाखवून त्यांनी सूर्य, ग्रह, तारे असं सगळं सांगितलं. भाईदास ते बघून घरी आला तो वेगळाच होऊन आला. दुसऱ्या दिवशी त्याने अंगणात पाण्याची घागर ठेवली. ज्वारीचा एक दाणा माझ्या हातावर दिला आणि मला पार मारुतीच्या पारापर्यंत पाठवलं.

"ही घागर म्हणजे सूर्य," तो आईला सांगायला लागला. "आणि जसोदाच्या हातातला दाणा म्हणजे आपली पृथ्वी. आणि आई, आकाशात जे तारे दिसतात ना, ती प्रत्येक एक घागर. यातली जवळात जवळची दुसरी घागर कुठे ठेवावी लागेल? विलायतेच्याही पलीकडे."

आईने डोळ्यांवर हात धरून माझ्या दिशेने पाहिलं. तिला मी दिसत नव्हते, दाणा कुठून दिसणार.

"मंग त्या दाणावर आपण कोठे?" तिने विचारलं.

"आपण दिसतच नाही."

"देवले बी नही?"

भाईदास घागर उचलायला वाकला. त्याने देव नाही असं कधीच म्हटलं नाही, हे मी त्याच्या बाजूने सांगते. मला तो म्हणाला, "जसोदा, एवढं सगळं आपोआप झालं असं कसं म्हणू? करणारा कुणीतरी आहेच. पण तो आपल्याकडे बघत असेल असं म्हणायला मला तोंड नाही. मी परवापर्यंत त्याच्याकडे बदली मागत होतो. पोराच्या खोकल्याला गुण मागत होतो. आता आठवलं की लाज वाटते."

त्याने मागणं सोडलं. तेवढ्यावर थांबता तर बरं होतं, पण त्याला आता आईच्या मागण्याचीही लाज वाटायला लागली. आई दिवा लावताना पुटपुटायची तर हा म्हणायचा, "कुणाला सांगतेस? ज्याला इतक्या घागरी सांभाळायच्या त्याला तू छगनचं नाव कळवतेस?" म्हातारी ओशाळायची. एकदा मी ऐकलं, ती देव्हाऱ्यापुढे हात जोडून म्हणत होती, माय, तुले फार तरास दिधा, माफ कर. मला असा संताप आला की मी सगळा राग पितळी भांड्यांवर काढला. आईला देवासमोर कानकोंडी करणारा हा कोण मोठा लागून गेला?

आणि मग कानबाईचा आदला दिवस आला. भाईदासने शहाद्याहून चुनीलाल मास्तरांना बरोबर आणलं होतं. हे चुनीलाल त्याच्याच शाळेतले, कंदिलाच्या चित्रांना त्याच्या शेजारी बसलेले. रीतभात बघायची म्हणून आले आणि ओसरीवर लोडाला टेकून बसले. तोंडावर हसू नव्हतं, पण येईल येईल असं होतं.

मगनबाबांनी नावं घ्यायला सुरुवात केली. भाईदासने गव्हात हात घातला. स्वतःची मूठ टाकली, पोराची टाकली, चुलत्यांची टाकली. मग मगनबाबा म्हणाले, "छगन."

भाईदासने मूठ भरली. मी त्याच्या अगदी समोर बसले होते. त्याने नजर उचलून चुनीलालकडे पाहिलं. चुनीलालच्या भुवया जराशा वर गेल्या, बस, तेवढंच. आणि माझ्या भावाने मूठ उघडून गहू परत पोत्यात सोडले.



मगनबाबांनी पुन्हा नाव घेतलं. भाईदास खाली मान घालून बसला. मग म्हातारा पुढे वाकला आणि दबक्या आवाजात म्हणाला, "मास्तर, कागद उना का?"

त्यांचं काय चुकलं? गावात कुणाला कागद यायचा तर तो मास्तरच्या हातात पहिला यायचा. सण पार पडेपर्यंत मास्तरने वाईट बातमी पोटात ठेवली, असंच कुणालाही वाटलं असतं. आणि हा गप्प. खरं सांगायचं तर त्याला सांगावं लागलं असतं की कागद नाही, बातमी नाही, एवढ्या मोठ्या आकाशात एका माणसाची मूठ काय मोजायची असं मला वाटलं, आणि चुनीलालसमोर माझा हात लाजला. ते सांगायचीही त्याला लाज वाटली. तो मान वर करेना.

मगनबाबांनी डोक्यावरची पगडी उतरवून मांडीवर घेतली. आईने छातीवर हात मारला. आणि आतून आवाज आला. गजराने कुणाची वाट बघितली नाही. तिने उजवा हात जात्याच्या पाळीवर आपटला होता.

मी ओरडले, "अरे, बोल ना. तोंड शिवेल शे का तुन्हं?"

तेव्हा तो उठला. "कागद उना नही," असं म्हणाला. "काहीच उनं नही. मी आपला... माले वाटनं, देव इतला मोठा..." पुढे त्याला बोलता येईना. सगळे भाऊबंद त्याच्याकडे बघत होते. चुनीलालने तोंडावर उपरणं धरलं. मी आत धावले. गजराच्या मनगटातून रक्त येत होतं, काचा जात्याभोवती पडल्या होत्या, आणि डावा हात तिने आपटायला वर उचललेला होता. तो मी धरला. "खोटं शे, गजरा, खोटं शे," एवढंच म्हणत राहिले.

बाहेर मगनबाबांनी पगडी डोक्यावर ठेवली आणि स्वतःच्या हाताने छगनची मूठ टाकली. भाईदासला ते काही बोलले नाहीत. शिव्या दिल्या असत्या तर त्याला सोपं गेलं असतं.

पुढच्या आठवड्यात कासार आला. मी मुद्दाम थांबले होते. गजराने डाव्या हातातली एक पिचकलेली बांगडी बदलून घेतली आणि उजवा हात पदराखाली ओढला. आईने समजावलं, मगनबाबांनी निरोप धाडला, असा एक हात रिकामा ठेवणं अशुभ असतं म्हणून शेजारणी बोलल्या. ती मला म्हणाली, "त्या उनात म्हंजे भरसू." छगन आला की मगच भरेन, या तिच्या बोलण्यापुढे कुणाचं काही चाललं नाही.

आता वाढणारा हात कुठला असतो? उजवाच. सकाळ-संध्याकाळ माझ्या भावाच्या ताटात तो रिकामा हात भाकर ठेवायचा. मनगटावर काचेची खूण होती. भाईदास ताटात डोळे घालून जेवायचा. दुसरी भाकर मागणं त्याने पुन्हा सोडून दिलं, लहानपणी सोडलं होतं तसं. शाळेतून बदली मिळत होती तीही घेतली नाही. मला वाटतं, त्या हाताच्या समोर बसून जेवणं हीच शिक्षा त्याने स्वतःला लावून घेतली होती.

पुढच्या वर्षापासून छगनची मूठ तो सगळ्यांच्या आधी टाकायचा, अगदी मगनबाबांनी नाव घ्यायच्याही आधी. एकदा मी डिवचलंच, "काय मास्तर, घागरी लहान झाल्या का?"

"नाही," तो म्हणाला. "त्या तेवढ्याच आहेत. वरचा आपल्याला मोजतो की नाही, मला अजून कळलेलं नाही. पण ते कळेपर्यंत मूठ टाकायचं काम माझं होतं, जसोदा. ते मी केलं नाही." मग मला पुढे डिवचवलं नाही.

छगन आला नाही. आई गेली, मगनबाबा गेले, दुसरी लढाई सुरू झाली. भाईदासला अर्धांगाचा झटका आला आणि त्याचा उजवा हात कायमचा पडला. त्या श्रावणात त्याची खाट ओसरीच्या आतल्या खोलीत होती. मूठ कोण टाकणार असा प्रश्न आला तेव्हा त्याचाच मुलगा म्हणाला, गजराकाकी टाकेल. रिकाम्या हाताच्या बाईने टाकावी यावर जरा कुजबुज झाली. मी एकदा सगळ्यांकडे बघितलं, मग ती थांबली.

नावं झाली, सूप भरलं, माणसं पांगली. मी आणि गजरा सूप घेऊन त्याच्या खोलीवरून चाललो होतो. आतून त्याने हाक मारली. जीभ जड झाली होती, पण शब्द कळत होते.

"जसोदा. मन्ही मूठ टाकी का?"

माझ्या जिभेवर आलं होतं, विचार त्या घागरींना. म्हणणारच होते. पण माझ्या आधी गजरा बोलली. डोक्यावर पदर तसाच होता. एवढ्या वर्षांत ती जेठाशी पहिल्यांदा बोलत होती.

"पहिली तुमनीच टाकी," ती म्हणाली. "आन दुसरी त्यासनी."

सुपातला हात तिने अजून काढला नव्हता. भाईदासने मान वळवली आणि तो रिकामा हात नीट, डोळे भरून पाहिला, आणि लहान पोरासारखा रडायला लागला. मी त्याला गप्प केलं नाही. रडू दिलं.